पाहुणीचं फडकं

नाक्यावर त्याला सगळे भडकू म्हणत, आणि हे नाव काही कुणी लाडाने ठेवलं नव्हतं. ट्रकवाल्याने उलट उत्तर दिलं की याचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. एका ड्रायव्हरचे पुढचे दात पाडले म्हणून साहेबांनी त्याला महिनाभर घरी बसवलं, तर त्या महिन्यात बायकोच्या नाकी नऊ आले. "यांना कामावर तरी घ्या, नाहीतर मला तरी तिकडे राहायला येऊ द्या," असा निरोप तिने साहेबांना धाडला होता म्हणतात.

नाका नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी होता. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि मध्ये पुलावर पांढऱ्या रंगाची एक रेघ. पलीकडे जाणारे ट्रक तपासायचं काम भडकूकडे होतं. बटाट्याची पोती उपसली की खाली काय निघेल याचा नेम नसे. तारेने तोंड शिवलेली खवले मांजरं निघत. चिकटपट्टीत गुंडाळलेली कासवं, पाण्याच्या बाटल्यांत कोंबलेले पोपट, त्यातले निम्मे गुदमरून मेलेले. एकदा जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात अस्वलाचे पंजे निघाले, नखांत अजून माती होती. असलं पाहूनही ज्याचं डोकं थंड राहतं त्याला तुम्ही खुशाल शहाणा म्हणा. भडकूच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि समोर जो असेल त्याला ती भोगावी लागायची.

बरं, मारून तरी काय होत होतं? एखादा ट्रक नजर चुकवून त्या रेघेपलीकडे गेला की संपलं. ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवून हात हलवून दाखवायचे. इकडच्या साहेबांनी तिकडच्या साहेबांना पत्र पाठवायचं आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कातडं कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर चढलेलं असायचं. शेवटी दोन्ही देशांचे मोठे लोक एकत्र बसले, चहा झाला, हस्तांदोलनं झाली, करार झाला. असल्या बैठकांतून सहसा फक्त फोटो निघतात. या वेळी मात्र एक कुत्री निघाली.

ती पलीकडच्या देशाची होती. तिचं तिकडचं नाव इकडे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. तिच्याबरोबर तिला शिकवणारे मास्तर आले. निवृत्तीला टेकलेले, काटकुळे, आणि दोन्हीकडची भाषा येणारे तेवढेच एक. आपली भाषा ते मोडकीतोडकीच बोलत. भडकूच्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, आज तू फार छान स्वैपाक केला." ती पदराआड हसायची आणि आणखी वाढायची.

नाक्यामागच्या खोलीत राहून मास्तरांनी भडकूला शिकवलं. पाहुणी माल सापडला की भुंकत नाही, चावत नाही. ती खाली बसते आणि आपल्या माणसाच्या खिशाकडे बघते. खिशातून गाठ मारलेलं जाड फडकं निघतं, ती ते तोंडात धरून झटकते, ओढते, नाचते. बस, तिला एवढंच हवं असतं.

"तिला बिबट्याचं काय पडलं?" मास्तर म्हणाले होते. "तिला फडकं पाहिजे. ती खरं बोलली आणि तू फडकं दिलं नाही, तर तिला वाटतं आपण चुकलो. असं फार वेळा झालं की कुत्रं खोटं बोलायला शिकतं. मग ते घरी ने आणि दारात बांध."

आणखीही एक गोष्ट होती. भडकूचं डोकं फिरलं की पट्ट्यावरची मूठ आवळायची, आणि मूठ आवळली की पाहुणी काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. नाइलाजाने तो शांत राहायला शिकला. पाहुणी आल्यापासून त्याने कुणावर हात टाकला नव्हता. बायको शेजारणींना सांगायची, "मी इतकी वर्षं डोकं फोडून घेतलं ते फुकट, आणि या सवतीनं बघा कसं सरळ केलं." घरी पाहुणी तिच्याच पायाशी झोपायची हा भाग वेगळा.

मास्तर परत गेले तरी दर आठवड्याला पुलाच्या मध्यावर येऊन पाहुणीला बघून जात. रेघेच्या अलीकडे भडकू, पलीकडे ते. भडकूचा या माणसावर जीव होता. ज्याने आपल्याला स्वतःच्या हातापासून वाचवलं त्याच्यावर जीव जडणारच.

मग एका ट्रकचा बेत ठरला. ड्रायव्हर पकडून काही हाती लागत नाही, आठवड्यात दुसरा उभा राहतो. माल पलीकडे जातो कुठे आणि घेणारा शेठ कोण, हे शोधायचं. खबर पक्की होती. कोबीचा ट्रक येणार, इकडच्यांनी तो न उघडता सोडायचा, पलीकडचं पथक साध्या गाडीतून त्याच्या मागे जाणार. त्या गाडीत मास्तर बसणार होते, कारण दोन्हीकडच्या लोकांशी फोनवर बोलू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

साहेबांनी भडकूला समोर बसवून बजावलं, "कुत्री रोजच्यासारखी ट्रकभोवती फिरवायची, पण ती बसली तरी तू फडकं काढायचं नाहीस. या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, फडकं निघालं की माल सापडला. काही झालं नाही अशा तोंडानं तिला पुढं न्यायचं."

भडकूने मास्तरांना फोन लावला. साहेबांचा हुकूम सांगितला. मास्तर म्हणाले, "एकदा चालेल. एकदा सहन करेल ती."

सकाळी ट्रक आला. पाहुणीने चाकं हुंगली, मागचं फळकूट हुंगलं, आणि ती खाली बसली. अशी बसली की जणू जमिनीत रुतली. भडकूने "चल" म्हणून पट्टा ओढला. ती उठली नाही. खिशाकडे बघत राहिली. ड्रायव्हर वरून खाली बघत होता. भडकूने हसून शिवी घातली, "आळशी झालीय, ऊन लागलं की बसते," आणि तिला जवळजवळ फरफटत पुढच्या ट्रककडे नेलं. तिने मान वळवून वळवून कोबीच्या ट्रककडे पाहिलं आणि बारीक आवाजात कुंई केलं. फाटक उघडलं. ट्रक पुलावर चढला, रेघ ओलांडून गेला. सगळं जसं ठरलं तसं झालं.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण पाहुणी चालेना. पुढच्या ट्रकला तिने नाकसुद्धा लावलं नाही, शेपूट पायांत घालून उभी राहिली. भडकूला वाटलं, गेली ही, आता ही खोटं बोलायला शिकणार. वजनकाट्याच्या खोलीमागे पाण्याचा नळ होता, तिथे सहसा कुणी नसे. तो तिला तिथे घेऊन गेला, आजूबाजूला पाहिलं आणि फडकं काढलं. ती हरखून गेली. झटकलं, गरगर फिरली, त्याच्या गुडघ्यांवर पाय टाकले. "खरं बोललीस गं बाई, तूच खरी," असं म्हणत त्याने तिची मान कुरवाळली.

दुपारी वायरलेसवर पलीकडचा एक शिपाई नुसता ओरडत होता.

ओरडण्यातून जे कळलं ते असं. विटांच्या भट्ट्यांमधल्या अरुंद रस्त्यावर पथकाच्या गाडीसमोर एक टँकर आडवा आला आणि मागून दुसऱ्याने धडक देऊन गाडी त्याच्यावर चेपली. गाडी चालवणारा स्टिअरिंगमध्येच मेला. माणसं कोयते घेऊन उतरली. दुसऱ्या शिपायाला त्यांनी खिडकीतून बाहेर ओढून रस्त्यावर तोडलं. ओरडणारा भट्टीच्या राखेत पडला आणि मेला समजून त्यांनी त्याला सोडलं. मास्तरांना मात्र जिवंत नेलं. कुणाकुणाला माहीत आहे हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

गाडी ओळखली कशी? फाटकावरच्या माणसाला तेवढ्यात आठवलं, कोबीच्या ट्रकचा क्लीनर पलीकडे गेलाच नव्हता. टायरवाल्याच्या दुकानात तो सकाळपासून बसून होता. मालाच्या मागे कुणी लागतं का हे बघायला असा एक माणूस ठेवायची या लोकांची रीतच असते. त्याला कॉलर धरून आणलं आणि वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं. तिशीचा, हाडकुळा, बनियनवर ग्रीसचे डाग.

"मी पलीकडे फोन लावतो," साहेब म्हणाले. "शेठला डोळ्यांनी पाहिलेला असेल असा हा एकच माणूस आपल्या हाती आहे. तू दारात बस. बोटसुद्धा लावायचं नाही. ऐकलंस?"

"ऐकलं," भडकू म्हणाला. साहेब गेले. त्याने पाहुणीला बाहेर खांबाला बांधलं, आत आला आणि कडी लावली.

"मास्तरांना कुठं नेलंय?"

"मला काय माहीत, दादा? मी क्लीनर माणूस."

भडकूने त्याच्या कानाखाली ठेवून दिली. तो काट्याच्या लोखंडी चौकटीवर आपटला. मग भडकूने त्याला केसांना धरून उठवलं आणि तेच तोंड पुन्हा त्याच चौकटीवर आपटलं. नाक फुटलं. तो "आई आई" करू लागला. भडकूने त्याची करंगळी धरून मागे मोडली. पलीकडे मास्तरांचं काय चाललं असेल हे डोळ्यांसमोर येत होतं, आणि जितकं येत होतं तितका हात चालत होता. बाहेर पाहुणी भुंकायला लागली. ती कधी भुंकत नसे.

"बर्फाचा कारखाना," क्लीनर रक्त थुंकत म्हणाला. "नदीच्या वळणावरचा. माल तिथंच जातो. मारू नका दादा, सगळं सांगतो."

"पथकाची गाडी मागं आहे हे तुला कुणी सांगितलं? आमच्यातला कोण फुटला? नाव सांग."

क्लीनरने बाहीने तोंड पुसलं. बाहेरच्या भुंकण्याकडे मान केली. "नाव कुणाचं सांगू? मी नळावर कॅन भरायला आलो होतो. तुमची ही कुत्री फडकं झटकत होती. ट्रक तर न उघडता सोडलेला. मी काय समजायचं ते समजलो, आणि फोन केला. एवढंच. देवाशपथ एवढंच."

भडकू जागच्या जागी उभा राहिला. ठिकाण कळलं होतं. कसं कळलं तेही कळलं होतं. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. दार उघडून साहेबांना हाक मारायची तेवढी बाकी होती.

त्याऐवजी त्याने कोपऱ्यातली पाहुणीची साखळी उचलली. क्लीनरने हात वर केले, तर त्या हातांवर मारलं. तो खाली पडला, तर पाठीवर मारलं, पोटात लाथा घातल्या. क्लीनर आधी ओरडत होता, मग कण्हत होता, मग नुसता प्रत्येक फटक्याला हलत होता. साहेबांनी दार तोडलं तेव्हा भडकूच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं.

"बर्फाचा कारखाना," तो धापा टाकत म्हणाला. "नदीच्या वळणावर."

साहेबांनी जमिनीवरच्या माणसाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पण वेळ भांडायची नव्हती. गाडी बोलावून क्लीनरला दवाखान्यात धाडलं आणि पलीकडे फोन लावला. पूर्वी ज्या परवानगीला महिने लागत ती त्या दिवशी फोन ठेवायच्या आत मिळाली. कारखान्याचे आडवेतिडवे शेड शोधायला कुत्री हवी होती, आणि कुत्री भडकूशिवाय कुणाचं ऐकत नव्हती. त्याने हात धुतले, पाहुणीला जीपमध्ये घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा ती पांढरी रेघ ओलांडली.

कारखान्याचं दार जीपनेच फोडलं. आत अमोनियाचा असा वास, की माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पाहुणी शिंकत शिंकत पुढे गेली. बर्फाच्या लाद्या रचलेल्या होत्या आणि लाद्यांच्या आत खवले मांजरं गोठवलेली, वेटोळं करून, पोटाशी पिल्लं धरून. लाकडी ओट्यावर एक बिबट्या अर्धा सोललेला. त्याच ओट्यावर बर्फ कापायची करवत फिरत होती आणि तिच्या पात्याखाली ताजं रक्त होतं.

लाद्यांमागून माणसं बर्फ फोडायचे टोचे घेऊन आली. एकाने पुढच्या शिपायाच्या मांडीत टोचा घातला आणि पिळला. दुसऱ्याचा भडकूच्या खांद्यात घुसला. भडकूने त्याच्या तोंडावर डोकं हाणलं, दोघेही बर्फावर घसरून पडले. गोळ्या सुटल्या. एक जण लाद्यांवर आडवा झाला, त्याच्या रक्ताची वाफ निघत होती. कुणीतरी पाहुणीच्या बरगडीत बर्फाचा आकडा मारला. ती विव्हळली, उठली आणि लंगडत पुढे गेली. मिठाच्या पाण्याची टाकी होती, तिच्यावर लाकडी झाकणं. एका झाकणापाशी ती बसली.

भडकूने झाकण उचकटलं. आत बर्फ गोठवायच्या दोन डब्यांच्या फटीत मास्तर अडकले होते, छातीपर्यंत गोठत्या पाण्यात, ओठ काळेनिळे. डाव्या हाताने त्यांनी डब्याची कडी धरली होती. उजव्या हाताला बोटं नव्हती. करवतीने एकेक करून घेतली होती आणि मग त्यांना मिठाच्या पाण्यात सोडलं होतं. ते जिवंत होते. भडकू त्यांना छातीशी धरून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या हॉस्पिटलात मास्तर शुद्धीवर आले. भडकू खांद्याला पट्टी बांधून कॉटपाशी बसला होता, पाहुणी कॉटखाली. मास्तरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"त्यांना कळलं कसं?"

भडकूने सांगितलं. नळ, फडकं, क्लीनर, सगळं.

"एकदा चालेल, म्हणालो होतो की मी," ते म्हणाले.

भडकूला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं. तो मान खाली घालून बसला. तेवढ्यात त्याचे साहेब आत आले. त्यांच्याबरोबर तिकडचे एक साहेब होते आणि दोन शिपाई.

"तो क्लीनर पहाटे गेला," भडकूचे साहेब म्हणाले. "शेठला ओळखणारा दुसरा कुणी नाही, कारखान्यातली माणसं तोंड उघडत नाहीत. कारखान्याचा मालक म्हणून शेठला रात्री उचललंय, पण मी तो फक्त भाड्यानं दिला होता म्हणतोय, वकील घेऊन बसलाय. संध्याकाळपर्यंत सुटेल."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आणि तू इथं आहेस, म्हणजे दुसऱ्या देशात," साहेब पुढे म्हणाले. "आरोपी रेघेपलीकडे असला तर तो हवाली करायचा, असं करारातच आहे. आम्हाला वाटलं होतं, पहिला हा शेठ असेल."

मास्तरांनी डोळे न उघडता डावा हात कॉटखाली सोडला. पाहुणीचा पट्टा त्यांच्या हाताला लागला, तो त्यांनी मनगटाला गुंडाळला. भडकू समजला. त्याने पाहुणीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायचं धाडस झालं नाही.

दुपारी त्याला पुलावर आणलं. तिकडच्या शिपायांनी रेघेपर्यंत चालवत नेलं, बेड्या बदलल्या आणि इकडच्या शिपायांच्या हातात दिलं. वर्षानुवर्षं बरोबर काम केलेली पोरं ती. त्याच्याकडे बघायचं टाळत होती. फाटकापाशी बायको उभी होती. ती पुढे आली नाही, तिथूनच म्हणाली, "अहो, खांद्याला फार लागलंय का?" त्याने नाही म्हणून मान हलवली.

तिच्यापासून थोड्या अंतरावर एक म्हातारा उभा होता. क्लीनरचा बाप. सकाळपासून उभा आहे, हलत नाही, असं फाटकवाल्याने साहेबांना सांगितलं होतं. शिपायांचा घोळका जवळ आला तसा तो पुढे झाला. सगळे एकाच खाकी कपड्यांतले, बेड्या घोळक्यात झाकलेल्या, त्याला ओळखू येईना.

"यातला कोण?" त्याने विचारलं.

भडकूने बेड्यांतले हात जरा वर केले.

"मी, काका," भडकू म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. हातांकडे पाहिलं. तो रडला नाही, ओरडला नाही. त्याला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं, असा त्याचा चेहरा होता.

"पोरगं बोलकं होतं माझं. नुसतं विचारलं असतं तरी बोललं असतं," तो म्हणाला. "एवढं काय विचारत होतास त्याला?"

भडकूने तोंड उघडलं. पहिल्यांदा मारलं तेव्हाचं सांगता आलं असतं. मास्तरांचं नाव घेता आलं असतं. पण म्हाताऱ्याचं पोरगं मेलं होतं ते सगळं सांगून झाल्यानंतरच्या माराने, आणि हे त्या खोलीत असलेल्या दोघांपैकी उरलेल्या एकालाच माहीत होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "तेव्हा काहीच विचारत नव्हतो."